डालग्याखालचा घेवडा

बोईसर,
ता. ९ मे १९६६

तीर्थरूप मैनाक्का हिस,
धाकट्या चंद्रभानाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

खानावळीचं कसं चाललंय म्हणून विचारलं होतंस. बरं चाललंय. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात आहे. ट्रक भरभरून माणसं जातात आणि संध्याकाळी भुकेली परत येतात. मला आणखी काय पाहिजे? परवा एक भय्या अंडाकरीच्या वाटीत चमचा फिरवत म्हणाला, "सेठ, इसमें अंडा नहाके चला गया क्या?" सगळं टेबल खिदळलं. मीही हसलो आणि त्याला एक अंडं फुकट वाढलं. आता तो रोज चार नवीन गिऱ्हाइकं घेऊन येतो.

अंडी विकत घेऊन परवडेनात, म्हणून मागं तारेची जाळी मारून आवार केलं आणि कोंबड्या पाळल्या. वाढत वाढत चाळीसएक झाल्यात. अंडी झकास देतात, पण आवारात हिरवं म्हणून पान ठेवत नाहीत. तुझ्या भावजयीनं, साखरेनं, मेथी पेरली, गेली. मिरचीची रोपं लावली, गेली. अळू तेवढा राहिलाय, तो त्यांनाही खाजत असणार. आवाराबाहेर लावावं तर आमची जागाच तेवढी, पुढं खानावळ, मागं कोंबड्या, आणि पलीकडं दुसऱ्याचं शेत.

आता मुद्द्याचं. दाजी जाऊन दुसरं वर्ष लागलं. तू त्या घरात एकटी. इकडे दोन पक्क्या खोल्या आहेत, नळ नसला तरी विहीर दारात आहे. तू ये आणि इथंच राहा. साखरही हेच म्हणते, आणि हे मी तिच्या तोंडात घालत नाही, ती खरंच म्हणते.

तुझा,
चंद्रभान


वडांगळी, ता. सिन्नर
ता. २ जून १९६६

चि. चंद्रभान यास मैनाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बोलावलंस, बरं वाटलं. पण तिकडे येऊन मी करू काय? खाटेवर बसून तुझ्या कोंबड्यांची पिसं वेचू? जिथं मिरचीचं रोप टिकत नाही, तिथं म्हातारं माणूस काय टिकायचं?

तुला एक सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आईनं माझ्या ओटीत घेवड्याचं बी घातलं होतं, जांभळ्या कडेचं. आजीनं आईच्या ओटीत घातलेलंच ते. सुरुवातीला मी इथं रोज कोनाड्यात तोंड घालून रडायची. तुला काय ठाऊक, तू तेव्हा शर्टाच्या बाहीला नाक पुसत फिरत होतास. पण या दारावर घेवडा चढला, पहिल्या शेंगा मी तोडल्या, आणि मग हे घर मला माझं वाटायला लागलं. आपल्या बायका जिथं राहतात तिथं आधी बी रुजवतात, बाबा.

म्हणून माझी अट ऐक. तुझ्या अंगणात हाच घेवडा चढू दे. त्याच्या शेंगा माझ्या हातात पडू देत. मग येण्याचं बोलू. आपला चुलतभाऊ भगवंत तिकडे कामाला निघालाय, त्याच्याबरोबर बी देतेय. अर्धं पाठवलंय, अर्धं माझ्या मडक्यात राखेत आहे.

आणि मी तुला ओळखून आहे. कोंबड्या विकून वेल लावलास तर ती लबाडी धरीन. दुसऱ्याच्या कुंपणावर चढवलास तर तीही.

मैनाबाई


बोईसर,
ता. २६ जून १९६६

ती. मैनाक्का हिस नमस्कार.

भगवंत सुखरूप पोचला. बी मिळालं. तू माझ्या दोन्ही पळवाटा आधीच बुजवल्यास, तेव्हा म्हटलं, ही बाई खानावळ चालवती तर माझं काही खरं नव्हतं.

पण तुझ्या भावानंही डोकं चालवलंय. दातिवऱ्याची कमळी म्हणून एक कोळीण सुकट घेऊन आमच्या दारी येते. तिच्या घरी आता नायलॉनची जाळी आलीत. जुनं सुती जाळं पडून होतं. मी म्हटलं, मला दे. ती म्हणाली, "शेट, तुमी इथं मासं कुठशी धरनार? गटारात?" मी म्हटलं, मासे नाहीत, कोंबड्या अडवायच्यात. आवारातच एका कोपऱ्यात खुंट्या ठोकून चारी बाजूंनी आणि वरूनही जाळं ताणलंय. आत सगळं बी टोकलं. मुंगीला वाट नाही, कोंबडी कुठून येते!

शेंगा आल्या की कळवतो. तू आपली बोचकी बांधून ठेव.

चंद्रभान


बोईसर,
ता. १४ जुलै १९६६

ती. मैनाक्का हिस नमस्कार.

घेवडा उगवला. चांगला आहे. काळजी नसावी. खानावळीत गर्दी आहे म्हणून पत्र आटोपतं घेतो.

चंद्रभान


बोईसर,
ता. १६ जुलै १९६६

ती. आक्काबाईंस साखरबाईचा वाकून नमस्कार.

ह्यांनी परवा तुम्हांला कार्ड टाकलं ते मी वाचलं. त्यातलं उगवला एवढं खरं आहे.

आक्का, ते जाळं यांनी जसं आणलं तसंच बांधलं. धुतलं नाही. आपण घाटावरची माणसं, जाळं आधी गोड्या पाण्यात खळखळून धुवायचं असतं हे आपल्याला कोण सांगणार! गाठीगाठीत खवले आणि बारकी मासळी चिकटून सुकलेली होती. पावसानं ती भिजली आणि असा वास सुटला की काय सांगू. आधी मांजरं आली. मग कावळे. मग आमच्या कोंबड्यांना कळलं की एवढी मेजवानी कशाची आहे. सगळ्या मिळून जाळ्यावर तुटून पडल्या. चोचीनं ओढलं, नखांनी ओढलं, एक कोपरा खाली आणला आणि आत शिरल्या. मासळी खाऊन झाल्यावर तोंडी लावायला घेवडा होताच.

हे पंचा नेसून पावसात काठी घेऊन धावले. पाय जाळ्यात अडकला आणि तिथंच बसले. भगवंत ओट्यावरून म्हणतो कसा, "दादा, मोठं पापलेट घावलं की!" तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कमळी आली. तिनं जाळ्याला हात लावून वास घेतला आणि मटकन खाली बसून हसायला लागली. "अगो बाय, जालं धुतलं नाय? आमी तर मासलीचा हात पन धुतल्याबिगर पोराला लावत नाय!" हे आतून सगळं ऐकत होते, पण बाहेर आले नाहीत.

आता तीन रोपं राहिलीत. मी त्यांच्यावर घमेली पालथी घातलीत, पण घमेल्याखाली ऊन कुठून मिळणार? तुम्ही रागावू नका. यांना वाईट वाटलंय. रात्री जेवताना म्हणाले, "मडक्यात अर्धं आहे अजून तिच्या," आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

मला तुम्ही हव्या आहात, आक्का. दिवसभर इथं माणसं असतात, पण सगळी जेवायला आलेली.

तुमची,
साखर


वडांगळी,
ता. २९ जुलै १९६६

चि. सौ. साखर हिस आशीर्वाद.

पत्र वाचून मी एवढी हसले की झुंबरची बायको शेजारून धावत आली, म्हणाली काय झालं म्हातारीला. तिलाही वाचून दाखवलं. आता गावात सगळे पापलेटाची चौकशी करतात.

चंद्रभानाला बोलू नकोस. तो लहानपणीही भांडं फुटलं की आधी खापऱ्या लपवायचा आणि मग घरभर गोड वागत फिरायचा. आपण कळू दिलं नाही की आपणहून येऊन सांगतो.

पण ती तीन रोपं जप. घमेली काढ. रोपांना उजेड पाहिजे आणि कोंबडीची चोच नको, काहीतरी असं बघा. आणि तिन्ही जगली का ते मला पत्रानं लगेच कळव. लगेच. विसरू नकोस.

मैनाबाई


बोईसर,
ता. २१ ऑगस्ट १९६६

ती. मैनाक्का हिस नमस्कार.

मागं मी घेवडा चांगला आहे असं लिहिलं होतं. तो तितकासा चांगला नव्हता. जाळ्याचा घोटाळा झाला. सविस्तर लिहीत नाही, कारण साखरेनं लिहिलेलं असणार. ती हल्ली माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावते, यावरून मी ओळखलं.

आता ऐक, हे खरं आहे. सकाळी मी कोंबड्या सोडत होतो. पिलंवाल्या कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकतो. डालगी उचलून बाजूला ठेवली, पिलं पळाली, आणि मी पाहत राहिलो. डालगं रात्रभर कामाचं आणि दिवसभर रिकामं. बांबूची उघडी वीण, आत ऊन जातं, वारा जातो, पाऊस जातो. फक्त कोंबडी जात नाही. मी म्हटलं, अरे, आपण कोंबडीला कोंडतो. तिला कशाला? घेवड्याला कोंडू!

तीन रोपांवर तीन डालगी पालथी घातली. वर दगड ठेवले. खाली कडेनं सभोवार चपटे धोंडे मांडले, म्हणजे कोंबड्यांनी उकरलं तरी मूळ उघडं पडत नाही. विणीतून जे पान बाहेर डोकावतं ते कोंबड्या खुडतात. खुडू देत. बाहेर आलं ते त्यांचं, आत राहिलं ते आपलं.

वारली पाड्यावरची नवसी डालगी विणते. तिला म्हटलं, नवीन तीन पाहिजेत, आणि बूड मोकळं ठेव, वेल वर काढायचाय. तिनं आवारात पाहिलं. कोंबड्या मोकळ्या हिंडतायत आणि डालग्याखाली भाजी. म्हणाली, "शेट, कोंबडी मोकली नी भाजी कोंडली? मंग अंडी पन घेवड्यालाच घालाया सांगा!" सगळा पाडा आता हेच म्हणून मला हसतो. हसू देत. गिऱ्हाइकं ते बघायला मागं येतात आणि जाताना चहा पितात.

एक रोप मात्र घमेल्याखालीच पिवळं पडलं होतं, ते गेलं. दोन आहेत. दोन्ही नव्या डालग्यांच्या मोकळ्या बुडातून वर आलेत आणि आवाराच्या जाळीला हात घालतायत.

तुझ्याकडच्या वेलाचं काय? यंदा फुटवा कसा आहे?

चंद्रभान


वडांगळी,
ता. १२ सप्टेंबर १९६६

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

कोंबड्यांच्या नाकासमोर घेवडा वाढतोय म्हणतोस. खरं वाटत नाही. जाळ्याचंही तू असंच लिहिलं होतंस.

दोनच राहिलीत म्हणतोस. बरं. दोन तर दोन. पाणी फार घालू नको.

माझी तब्येत बरी आहे. म्हैस झुंबरला देऊन टाकली. मला एकटीला एवढं दूध काय करायचं?

मैनाबाई


बोईसर,
ता. २५ ऑक्टोबर १९६६

ती. मैनाक्का हिस नमस्कार.

दोन्ही वेल आवाराच्या जाळीवर चढले आणि वर छप्पर झालं. यंदा इकडे आश्विनाचं ऊन असं तापलं की शेजारच्या मुकादमाच्या कोंबड्या धापा टाकून मेल्या. आमच्या सगळ्या दुपारभर घेवड्याखाली पसरून पडतात. पानांवर मावा पडला, ती कीडही त्यांनीच टिपली. खत तर काय, आपोआपच. जे खायला धावत होत्या त्याच आता राखणीला बसल्यात. फुलं धरलीत, जांभळी. साखर रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथंच उभी असते.

आता जे लिहिणार होतो ते लिहितो. गल्ल्यावर बसल्यावर माझी पाठ असली तरी चार टेबलांवरचं मला ऐकू येतं, हे तुला ठाऊक आहे. परवा भगवंत (आम्ही आता बोलतो) कमळीला घेवडा दाखवत होता. म्हणाला, "आक्कानं माझ्यासमोर मडकं पालथं केलं. राखसुद्धा फुंकून बघितली, एखादा दाणा राहिला का म्हणून. सगळं बी माझ्या पंच्यात बांधलं."

आक्का, तू अर्धं म्हणाली होतीस.

मी माझ्या वेलाचं एवढं लिहितो आणि तू तुझ्या वेलाचं अक्षर लिहीत नाहीस, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. तुझ्या दारावर यंदा वेलच नाही. म्हणजे आईचं ते बी सगळं मी कोंबड्यांना वाटलं, आणि आता जे काय आहे ते या दोन डालग्यांत.

आणि म्हैस का दिलीस? सगळं देत सुटलीयस. आई शेवटच्या वर्षी अशीच एकेक वस्तू देत सुटली होती. तुला काही दुखतंखुपतं का? खरं लिही. सिन्नरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलीस का? नाहीतर मी खानावळ साखरेवर आणि भगवंतावर टाकून तिकडे येतो.

चंद्रभान


वडांगळी,
ता. ८ नोव्हेंबर १९६६

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

मला काही झालेलं नाही. इकडे येऊ नको, धंदा बुडवू नको. मडक्याचं तू विचारू नको, तू शेंगांचं बोल. अट शेंगांची होती.

मैनाबाई


बोईसर,
ता. २७ डिसेंबर १९६६

ती. मैनाक्का हिस नमस्कार.

शेंगा आल्या. जांभळ्या कडेच्या, घोसानं. खाली लोंबतात त्या कोंबड्या उड्या मारून नेतात, वरच्या आमच्या. वर पुष्कळ आहेत.

पण मी त्या तुला पाठवणार नाही.

साखरेनं टोपली भरायला घेतली होती, भगवंत सुट्टीवर निघाला होता. मीच हात धरला. एक म्हणजे, यातल्या निम्म्या बीला वाळू द्यायच्या. आईचं बी आता दुसरीकडे कुठं नाही. पुन्हा मडकं भरल्याशिवाय एक शेंग या आवाराबाहेर जाणार नाही. मी स्वतःसुद्धा अजून चाखलेली नाही, साखरेला विचार.

दुसरं म्हणजे, शेंगा तुझ्या हातात पडल्या पाहिजेत असं तू म्हणाली होतीस. त्या तुझ्या हातात वडांगळीतच पडल्या पाहिजेत, असं काही तू म्हटलेलं नाहीस. पत्र जपून ठेवलंय, पुन्हा वाचून पाहिलं. तेव्हा हात घेऊन इकडे ये. वेल दारात उभा आहे, खुडायला घे.

घासाघीस मी रोज करतो, आक्का, पण आज करवत नाही. तुझ्या दारावर वेल नाही हे मला तेव्हापासून सारखं डोळ्यांपुढं येतं. नाहीच म्हणणार असशील तर मी बी घेऊन येतो आणि तुझ्या दाराशी परत लावून जातो. पण आधी एकदा हो म्हणून बघ.

चंद्रभान

ता. क. साखर म्हणते, खोलीला चुना दिलाय हे लिहा. लिहिलं.


वडांगळी,
ता. ११ जानेवारी १९६७

चि. चंद्रभान आणि चि. सौ. साखर यांस अनेक आशीर्वाद.

शेंगा पाठवल्या नाहीत ते चांगलं केलंत. पाठवल्या असत्या तर मला फार राग आला असता.

अरे येड्या, तू मला मारायलाच निघाला होतास! आई देत सुटली होती, म्हैस का दिली, डॉक्टरकडे जा. घरातलं सगळं बी झटकून दुसऱ्या अंगणात पाठवल्यावर बाई त्या घरात कशाला राहील? चार टेबलांवरचं तुला पाठमोऱ्यानं ऐकू येतं, आणि एवढं ऐकू आलं नाही? भगवंताच्या पंच्यात बी बांधलं तेव्हाच मी निघाले होते. म्हैस काय पाठीवर घालून आणणार होते?

मग अर्धं का म्हणाले? सगळं म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिकीट घेऊन दारात उभा राहिला असतास, आणि मला जन्मभर वाटलं असतं की भावानं एकटी बाई म्हणून उचलून नेली. मला तिथं आधी माझं काहीतरी रुजलेलं पाहिजे होतं. तू जाळ्याचा तो उद्योग केलास तेव्हा मात्र मी घाबरले. पण काय करू, मागं ठेवायला दाणा नव्हता आणि मागं राहायचं मनातही नव्हतं.

तुझ्या डालग्याचं मला खरं वाटलं नाही. म्हणून दिवाळीनंतर झुंबरकडून दोन कोंबड्या मागून आणल्या, एक डालगं घेतलं, आणि अंगणात मेथी पेरून वर पालथं घातलं. कोंबड्या दिवसभर भोवती फेऱ्या मारून दमल्या. मेथी वर आली. झुंबर म्हणाला, "आक्का, तुम्ही तर उलटाच कारभार मांडला." मी म्हटलं, हा बोईसरचा कारभार आहे, तुला नाही कळायचा. तुझ्या वतीनं तेवढा भाव मी खाऊन घेतला.

भगवंताची सुट्टी संपतेय, त्याच्याबरोबरच येते. नाशिक रोडला गाडी, दादरला बदलायची, सगळं त्याला ठाऊक आहे. पुढच्या शुक्रवारी दुपारी बोईसरला उतरू. स्टेशनावर मोठमोठ्यानं हाका मारू नकोस, मी ओळखते तुला. साखर, वरच्या शेंगा तशाच राहू दे, पहिली मी तोडणार. आणि त्या दिवशी भाजी मी करणार, भाकरी तू कर.

रिकामं मडकं धुऊन बरोबर घेतलंय. झुंबरच्या दोन्ही कोंबड्या आता माझ्या मागं मागं फिरतात, म्हणून त्याही आणतेय. पाय बांधून भगवंताच्या मांडीवर देईन, पापलेट म्हणाल्याबद्दल.

डालगं तेवढं इथंच ठेवते. त्याच्याखाली मेथी आहे, आणि झुंबरची बायको म्हणाली, राहू द्या, मी बघते.

मैनाबाई